दहा रुपयांच्या नाण्याएवढं कासव

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतले एक गृहस्थ प्लास्टिकचा टब घेऊन दारात उभे राहिले. सोबत अकरावीतला मुलगा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गल्लीतलं जखमी पाखरू असो की बागेतला साप, लोक आधी माझ्याकडे येतात. "मॅडम, हे हरिपूरच्या संगमावर सोडलं तर चालेल ना? मोकळं तरी जगेल बिचारं."

टबात एक कासव होतं. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडतच नव्हते. कवचाच्या कडेला अंगठ्यानं हलकंच दाबलं, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. आठवीतल्या वाढदिवसाला मुलानं हट्ट धरला म्हणून घेतलेलं. तेव्हा ते दहा रुपयांच्या नाण्याएवढं होतं आणि दुकानदारानं सांगितलं होतं, "हे एवढंच राहतं."

ते एवढंच राहत नाही. रेड-इअर्ड स्लायडर नावाचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं, पण मादीचं कवच वाढून 25 ते 30 सेंटिमीटर होतं, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. नीट सांभाळलं तर ते 20 ते 30 वर्षं जगतं, कधी त्याहूनही जास्त. आठवीतल्या मुलानं मागितलेली ही वस्तू त्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जाईपर्यंत घरात राहणार आहे. खरेदी करताना हा हिशेब कोणी घातला होता का, असं मी वडिलांना विचारलं. ते गप्प राहिले. दुकानात पिल्लू बघून पैसे देणाऱ्या बहुतेकांनी तो घातलेला नसतो.

त्या मऊ कवचाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कासवाचं कवच ही बाहेरून चढवलेली पेटी नाही. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच पसरून कवच झालेला असतो, वर शिंगासारख्या पदार्थाचा थर. म्हणजे ते जिवंत हाड आहे, आणि हाडाला कॅल्शियम लागतं. पोटातलं कॅल्शियम रक्तात यायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि स्लायडर ते बऱ्याच अंशी स्वतःच्या कातडीत तयार करतो, उन्हातल्या 'अतिनील ब' किरणांच्या मदतीनं. म्हणून नदीतलं कासव तासन्‌तास दगडावर चढून ऊन खात बसतं. आपल्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात तेव्हा त्याच्या अंगात हाडं घडवण्याची तयारी चाललेली असते.

घरी या कासवाला हॉलमधल्या खिडकीशी ठेवलं होतं. ऊन तर येत होतं. पण खिडकीची साधी काच उजेड आणि ऊब आत सोडते, अतिनील ब किरणं मात्र जवळजवळ सगळी अडवते. आहार म्हणजे डबीतली सुकवलेली कोळंबी आणि मधूनमधून पोळीचा तुकडा. रक्तातलं कॅल्शियम घटलं की शरीर ते हाडांमधून ओढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू चालू ठेवायचे असतात. तीन वर्षं हे कासव आपल्याच कवचातून उसनवारी करून जगत होतं. सुजलेल्या पापण्या बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या. डोळे मिटले की अन्न दिसत नाही, अन्न दिसलं नाही की ते खात नाही, आणि घरच्यांना वाटतं की कासव हल्ली शांत झालंय. सरपटणारा प्राणी सहसा ओरडत नाही, कण्हत नाही. त्याचं दुखणं बघायला शिकावं लागतं.

हे फक्त कासवाचं नाही. रील्समध्ये खांद्यावर बसलेला हिरवा इग्वाना शेपटीसकट दीड मीटर होतो, तो शाकाहारी असतो आणि त्यालाही तसंच ऊन लागतं. बॉल पायथन 20-30 वर्षं जगतो. आफ्रिकन ग्रे पोपट कित्येकदा मालकाच्या मागेही उरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यानुसार अशा अनेक विदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा तर गुन्हाच आहे, जरी वाड्यावाड्यांतून तो 'मिठू मिठू' करत असला तरी.

आता मुलाकडे वळते. तो सगळा वेळ मान खाली घालून उभा होता आणि वडील त्यालाच बोलत होते, "तूच मागितलंस, तूच बघायला हवं होतंस." मला ते पटलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मेंदूतली नवं काही मिळवण्याची ओढ जागवणारी यंत्रणा जोरात असते. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. मुलं मूर्ख नसतात. शांतपणे बसवून विचारलं, तर सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाइतकाच नीट तर्क करतो. गडबड होते ती उत्साहात, आणि मित्र बघत असताना. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. मित्र बघताहेत असं कळल्यावर किशोरवयीन मुलांनी जास्त धोके पत्करले आणि त्यांच्या मेंदूतले बक्षिसाशी जोडलेले भाग जास्त उजळले. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही.

आठवीतल्या मुलाला कासव हवं होतं ते या मेंदूनं. ती ओढ खरी होती, आणि काही महिन्यांत ती ओसरली हेही त्या वयाला धरूनच झालं. तीस वर्षांचा हिशेब घालू शकणारा मेंदू त्या दिवशी दुकानात एकच होता, आणि पाकीट त्याच्याच खिशात होतं.

गाडीच्या किल्लीचं तेच. नववी-दहावीतली पोरं क्लासला ट्रिपलसीट जाताना सांगली-मिरज रस्त्यावर रोज दिसतात. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि मागे दोन मित्र बसलेले असतात, म्हणजे त्या प्रयोगातली परिस्थिती जशीच्या तशी. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. तरी वडील अभिमानानं सांगतात, "आमचा बारक्या आत्ताच बुलेट चालवतोय." मला ते ऐकून पोटात गोळा येतो.

कासव संगमावर सोडायला मी ठाम नाही म्हटलं. आजारी कासव तिथे काही दिवसांत मेलं असतं. आणि धडधाकट कासव सोडलं असतं तर त्याहून वाईट. तो संगम कृष्णा-वारणेचा, आणि कृष्णेला तिची स्वतःची कासवं आहेत. त्यातलं लीथचं मऊ पाठीचं कासव फक्त भारतीय द्वीपकल्पातच सापडतं आणि आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. स्लायडर दांडगा असतो, ऊन खायच्या जागा बळकावतो, मिळेल ते खातो. फ्रान्समध्ये तिथल्या देशी कासवांना स्लायडरबरोबर एका तळ्यात ठेवून पाहिलं, तर देशी कासवांचं वजन घटलं आणि जास्त कासवं मेली. केरळात 2018 साली त्रिशूरजवळच्या कालव्यात स्लायडर सापडला, तेव्हापासून तिथले संशोधक लोकांकडून ही कासवं गोळा करताहेत. नदीत नको म्हणून इथल्या तलावांत, काळ्या खणीत किंवा गणेश तलावात सोडणंही तितकंच चूक. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. अशा पुरात कुठलं पाणी कुणाचं राहतं?

अजून एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण घरात चार वर्षांची धाकटी मुलगी आहे. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, पण लहान मुलाला जोराची हगवण लागते. याच कारणानं अमेरिकेनं 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तेवढी कासवं मुलं तोंडात घालत होती. टबातलं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही आणि हात लावल्यावर साबणानं धुवायचे.

मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं झाली. गच्चीवर सिमेंटची टाकी बांधली, अर्ध्या भागावर सावली, मध्ये चढायला फरशीचा तुकडा, वर काच नाही, फक्त जाळी. आहारात पालेभाजी आणि हाडं मजबूत करायला समुद्रफेणी, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं कॅल्शियमचं कवच, आली. दोन महिन्यांनी डोळे उघडले. कवचाची कडा अजून पूर्ण कडक नाही, आणि पाठीवर आलेला बाक आता जाणार नाही.

मुलगा दर रविवारी त्याची लांबी मोजून वहीत लिहितो. परवा 17 सेंटिमीटर भरली. पुढच्या वर्षी तो बारावी होऊन पुण्याला जाईल. वही कुणाकडे द्यायची हे त्यानं विचारलं, तेव्हा वडिलांनी हात पुढे केला.