गोणीपासून बँक खात्यापर्यंत: शेती अनुदानाची वाटचाल

कृषी सेवा केंद्रात युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, पण ती उचलण्याआधी शेतकऱ्याला आधार क्रमांक सांगून यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. मातीत राबून ठसे झिजलेले असले तर अंगठा तीन-चार वेळा पुसून पुन्हा टेकवावा लागतो. ठसा जुळला की गोणीवरचे अनुदान देय होते, मात्र ते जाते खत कंपनीला. 2018 पासून देशभर लागू झालेल्या या पद्धतीला ‘थेट लाभ हस्तांतरण’ म्हणतात. शेतकऱ्याच्या खात्यात त्यातला एक रुपयाही जमा होत नाही.

याचे मूळ 1977 मध्ये आहे. मराठे समितीच्या शिफारशीवरून त्या वर्षी युरियासारख्या नत्रखतांसाठी धारण किंमत योजना आली. प्रत्येक कारखान्याचा वाजवी उत्पादनखर्च आणि भांडवलावरील 12 टक्के परतावा धरून किंमत ठरवायची, आणि विक्रीदर तिच्यापेक्षा जितका कमी असेल तितकी रक्कम सरकारने कारखान्याला द्यायची, अशी तिची रचना होती. खत स्वस्त राहिले, हे नाकारता येत नाही. पण ज्याचा खर्च जास्त त्याला अनुदानही जास्त, हा दोष त्याच रचनेत होता.

1991 मध्ये केंद्राने खतांचे दर वाढवले आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना त्या वाढीतून वगळले. दुकानात आलेला माणूस अल्पभूधारक आहे हे ओळखायचे कसे, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली. 2010 मध्ये त्यांच्यासाठी अन्नद्रव्याधारित अनुदान आले, म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाश यांच्या प्रत्येक किलोमागे ठरावीक रक्कम. युरियाला मात्र हात लागला नाही. परिणामी स्फुरद देणारे डीएपी आणि पालाश देणारे पोटॅश महागले, युरिया स्वस्तच राहिला आणि शेतात नत्राचा मारा वाढला.

या साऱ्या काळात शेतकरी नेते शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना वेगळाच हिशेब मांडत होते. निर्यातबंदी आणि लेव्ही (ठरवलेल्या कमी दराने सक्तीची खरेदी) लावून सरकार शेतमालाचे भाव पाडते, त्यामुळे शेतकऱ्याला मिळणारी सबसिडी प्रत्यक्षात उणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यातूनच आली. निर्यात बंद झाल्यावर कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात घेऊन बाजार समितीतून परतणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

थेट पैशाकडे जाण्याची वाट कर्जमाफीतून गेली. 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती. त्यामुळे विदर्भात तीन-चार हेक्टर कोरडवाहू असलेला कापूस उत्पादक ‘मोठा’ ठरला. 2017 च्या राज्य कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा आणि ऑनलाइन अर्ज आले, आणि अर्जासाठी सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. जमिनीचे माप आणि कागदपत्रे, हेच पात्रतेचे निकष बनत गेले.

मे 2018 मध्ये तेलंगणाने रयतु बंधू सुरू करून एकरी रक्कम जमीनमालकाला दिली. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र वाटेकरी आणि भूमिहीनांनाही सामावून घेतले. फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानने पहिला मार्ग धरला: वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत आणि जमीनधारक कुटुंबाला. सुरुवातीला असलेली दोन हेक्टरपर्यंतची अट त्याच वर्षी गेली, जमीनधारणेची राहिली. महाराष्ट्राने 2023 मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी 6,000 रुपयांची भर घातली, तीही पीएम-किसानच्याच यादीवर.

माझ्या मते खरी अडचण या यादीतच आहे, आणि तिची मुळे खताच्या अनुदानापेक्षाही जुनी आहेत. 1 एप्रिल 1957 रोजी कूळ कायद्याने पश्चिम महाराष्ट्रात कसणाऱ्याला मालक केले, आणि त्याबद्दल त्या कायद्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात कुळाची जी धास्ती बसली, ती गेलेली नाही. म्हणून जमीन अर्धेलीने, खंडाने किंवा मक्त्याने दिली जाते ती तोंडी, आणि कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर येत नाही. सासऱ्याच्या नावावरच्या शेतात वर्षानुवर्षे निंदणी-खुरपणी करणाऱ्या सुनेचेही तसेच. आता अनुदानासाठी मागितला जाणारा शेतकरी ओळख क्रमांकही याच सातबाऱ्याला जोडलेला आहे. बी, खत आणि मजुरी स्वतःच्या खिशातून घालणाऱ्या वाटेकऱ्याला तो क्रमांक मिळत नाही, आणि त्याने पिकवलेल्या शेताचा हप्ता मालकाच्या खात्यात जमा होतो.