जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं? नाही!

चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं: ‘जन्मठेप काय, चौदा वर्षांत सुटतो.’ लगेच कुणीतरी पुढे जोडतं, ‘दिवस-रात्र वेगळे धरतात, म्हणजे सातच!’ हे दुसरं तर निव्वळ थाप. तुरुंगातही दिवस चोवीस तासांचाच असतो.

पहिल्याचा निकाल १९६१ सालीच लागलाय, तोही महाराष्ट्राच्याच खटल्यात. गांधीहत्येच्या कटात जन्मभर काळ्या पाण्याची, म्हणजे तेव्हाच्या जन्मठेपेची, शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसेंनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट दाद मागण्याचा मार्ग) सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हिशेब असा: भोगलेली वर्षं अधिक तुरुंगात मिळवलेली माफी (चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी सूट), बेरीज वीसच्या वर; तेव्हा आता मला डांबून ठेवणं बेकायदा. वीस कुठून आले? तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ५७ मधून; त्यात जन्मठेप वीस वर्षांइतकी धरली होती. पण ते कलम शिक्षेचा अंश काढण्यापुरतं, उदाहरणार्थ गुन्ह्याच्या प्रयत्नाला निम्मी शिक्षा द्यायची तर निम्मी कशाची, एवढ्यासाठीच. न्यायालयाने अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने उरलेली शिक्षा माफ केली तरच सुटका. गोडसे १९६४ मध्ये सुटले.

मग चौदा आले कुठून? १९७८ मध्ये तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं (२०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तेच कलम ४७५). ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारने सोडायचं नाही. राष्ट्रपती-राज्यपालांचा दयेचा अधिकार वेगळा. म्हणजे चौदा हा किमान आकडा. लोकांनी तो कमाल करून टाकला. चौदा भरली की कैद्याला माफीसाठी अर्ज करता येतो, दार आपोआप उघडत नाही.