डेटा ब्रोकरांना केलेल्या विनंत्यांची नोंद कोणी ठेवायची?

अमेरिकेत विक्रीचे फोन रोखणारी राष्ट्रीय यादी २००३ मध्ये आली. त्या यादीत नंबर एकदा दिला की काम झालं. डेटा ब्रोकर म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्या. त्यांना ‘माझी माहिती पुसा’ असं कळवायला अशी एकच खिडकी उघडायला २०२६ उजाडलं, तेही फक्त कॅलिफोर्नियात. मधल्या काळात कोणाला, कधी, काय कळवलं याचा हिशेब नागरिकानेच ठेवला.

२०१४ मध्ये केंद्रीय नियामकाने नऊ ब्रोकरांचा अभ्यास करून काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, कायद्याची शिफारस केली होती. तो झाला नाही. व्हरमाँट राज्याने २०१८ मध्ये ब्रोकरांना नोंदणी सक्तीची केली, पण माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला नाही.

खरी मेख कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्यात आहे. तो १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याने पुसण्याचा हक्क दिला, पण कंपनीने ग्राहकाकडून घेतलेल्या माहितीपुरताच. ब्रोकर तर माहिती घेतो दुकानदाराकडून, ॲपकडून, दुसऱ्या ब्रोकरकडून! त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘माझी माहिती विकू नका’ एवढंच हाती उरलं. विक्री थांबली तरी साठा त्याच्याकडेच. ब्रोकरने पुढे विकत घेतलेल्या माहितीत तोच माणूस जुन्या पत्त्यासह किंवा नावाच्या वेगळ्या स्पेलिंगने आला, की जुन्या विनंतीशी तो जुळेलच असं नाही. माणूस पुन्हा यादीत येऊ नये म्हणून त्याची थोडी ओळख जपावीच लागते, हा ब्रोकरांचा युक्तिवाद खोटा नाही. पण ओळखीपुरतं जपणं आणि अख्खी फाइल ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या. कायद्याने ती रेघ तेव्हा ओढली नाही, हे मोठंच उणं.

मग लोकांनी एक्सेल शीट केल्या: ब्रोकर, विनंतीची तारीख, वापरलेला ईमेल, पुष्टीची लिंक दाबली का, पुन्हा कधी तपासायचं. पुसण्याच्या विनंतीला उत्तराची मुदत ४५ दिवस, कळवून आणखी ४५. कंपन्यांनी विनंत्यांच्या नोंदी २४ महिने जपायच्या असा नियम आहे, पण ग्राहकाच्या शीटला त्याचा उपयोग शून्य. पैसे घेऊन हे काम करणाऱ्या सेवाही निघाल्या. २०२४ मध्ये एका ग्राहक संस्थेने केलेल्या चाचणीत बहुतेक सेवांपेक्षा स्वतः भरलेले अर्ज सरस ठरले.

कॅलिफोर्नियाच्याच २०२३ च्या नव्या कायद्याने भार उलटवला. राज्याच्या ऑनलाइन मंचावर एकच अर्ज करायचा. ऑगस्ट २०२६ पासून ब्रोकरांनी दर ४५ दिवसांनी अर्जदारांची यादी उतरवून जुळलेली माहिती पुसायची, ती ग्राहकाकडून घेतलेली नसली तरी. चुकल्यास दर विनंतीमागे दिवसाला २०० डॉलर दंड. अट रहिवासाची आहे, नागरिकत्वाची नाही. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे खुलं आहे, नातवंडांकडे चार महिने आलेल्या आजी-आजोबांना नाही. मतदार यादीसारख्या सरकारी दप्तरातून आलेली माहिती मात्र वगळलेली आहे. स्वतंत्र ऑडिट २०२८ पासून, दर तीन वर्षांनी. तोवर मंचावर दिसणारी ‘पुसलं’ ही नोंद ब्रोकरने स्वतःच कळवलेली असेल.