गांडुळं विकत आणू नका, पुठ्ठा अंथरा

बागेची माती सुधारायची म्हणून गांडूळखत प्रकल्पातून किलोभर गांडुळं आणून वाफ्यात सोडणारे पुष्कळ जण असतात. काही आठवड्यांत ती दिसेनाशी होतात आणि दोष मातीवर येतो. पण खतासाठी पाळली जाणारी आयसेनिया फेटिडा काय किंवा आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजिनी काय, ही शेण आणि कुजक्या पाल्यात राहणारी गांडुळं. घट्ट मातीत बिळं पाडणं हे त्यांचं काम नाही. ते करणाऱ्या जाती वेगळ्या, आणि बहुतेक बागांत त्या आधीपासूनच असतात. लॅम्पिटो मॉरिटी ही त्यातलीच एक, आपल्याकडे सर्रास सापडणारी.

यातल्या खोल बिळं करणाऱ्या काही जाती रात्री वर येतात आणि पाला बिळात ओढून नेतात. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने कागदाचे त्रिकोण कापून गांडुळांपुढे टाकले होते. बहुतेक त्रिकोण त्यांनी निमुळत्या टोकाने ओढले, म्हणजे बिळात सहज जातील असे. इंग्लंडमधल्या काही कुरणांत गांडुळं दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती विष्ठेच्या रूपाने वर आणतात, असा त्याचा हिशोब होता.

आपल्या उघड्या वाफ्यात हे का घडत नाही? गांडूळ कातडीने श्वास घेतं आणि ती कातडी ओली राहावी लागते. मे महिन्यात दख्खनच्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, वरचा थर भाजून निघतो. मग गांडुळं खोल जातात, अंगाची गाठ मारून पडून राहतात किंवा मरतात. वर खायलाही काही नसतं, कारण पालापाचोळा आपणच झाडून जाळलेला असतो.

म्हणून आच्छादन. जमीन खणायची नाही. खणलं की असलेली बिळंही मोडतात. तण बुंध्याशी कापून तिथेच पाडायचं, जमीन भरपूर भिजवायची, तिच्यावर अर्धवट कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्यायचा. मग चिकटपट्ट्या आणि पिना काढलेले साधे तपकिरी खोके उलगडून, ओले करून अंथरायचे. दोन पुठ्ठे एकमेकांवर वीतभर तरी चढले पाहिजेत, नाहीतर फटीतून गवत डोकं काढतं. वर वीतभर जाड पाला, गवत, गिरिपुष्पाच्या फांद्या, मिळेल ते. चकचकीत छपाईचे खोके मात्र नकोत.

पुठ्ठ्याखाली अंधार असतो, त्यामुळे गवत उपाशी मरतं. ओल टिकते, बुरशी पुठ्ठ्यातला सेल्युलोज मऊ करते आणि गांडुळं खालून येऊन तो खाऊ लागतात. इथे शेणखत का लागतं? पुठ्ठ्यात एक भाग नत्रामागे कर्ब शेकड्यांनी असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भागांचं प्रमाण मानवतं. कमी पडलेलं नत्र शेणखतातून मिळालं नाही तर ते मातीतून उचलतात आणि झाडं पिवळी पडतात. पुठ्ठा वरच राहिला तर ही ओढाताण जेमतेम वरच्या पापुद्र्यापुरती राहते. तुकडे करून मातीत मिसळला तर मुळांशीच स्पर्धा सुरू होते. त्यामुळे मिसळू नका, अंथरा.

उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवणारा शेतकरी हेच करत असतो, फक्त पुठ्ठ्याशिवाय.

सगळीकडे हे जमतं असं नाही. हरळी कडेने घुसते. लव्हाळ्याचं टोक तर प्लास्टिकही भेदतं, पुठ्ठ्याची काय कथा! त्याच्या गाठी आधी वेचूनच काढाव्या लागतात. दुसरी अडचण वाळवीची. कोरडा पुठ्ठा म्हणजे तिला आमंत्रण, तेव्हा घराच्या भिंती आणि लाकडी चौकटींपासून दूर अंथरावं आणि कोरडा पडू देऊ नये. झाडांच्या खोडाभोवतीही थोडी जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजतं. वेळेचंही भान हवं. कोरड्या जमिनीवर अंथरलं तर हलका पाऊस खाली पोहोचतच नाही. मृगाच्या पावसाने माती चांगली भिजल्यावर अंथरणं उत्तम. कोकणात भर आषाढात मात्र नको. पाणी साचलं तर खाली हवा राहत नाही, थर कुजका वास मारू लागतो आणि गांडुळं पळतात.

त्याच पावसाळ्यात काही लावायचं असेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून मूठभर खतासह वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं लावता येतात. मेथी, कोथिंबिरीसारखं पेरायचं बी पुठ्ठा पुरता विरल्यावर, पुढच्या हंगामात.