साठीतलं इंजिन डिजिटल होतं तेव्हा

इंग्लंडमधल्या मार्गेट इथल्या कारखान्यात १९६० च्या दशकात तयार झालेली ट्राय-अँग कंपनीची खेळण्यातल्या रेल्वेची छोटी इंजिनं अजूनही धावतात. आतली मोटर उघडीच असते. तेलाचे दोन थेंब सोडले, ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन तुकडे) पुसले की म्हातारं पुन्हा कुरकुरत निघतं.

या इंजिनांचं चालणं साधं. रुळांतला व्होल्टेज वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की इंजिन मागे जातं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहून आलं की घरच्या टेबलावरही दोन-तीन गाड्या एकदम हव्याशा वाटतात, आणि तिथेच घोडं अडतं. रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकाच वेळी पळत सुटतात.

यावरचा उपाय म्हणजे डीसीसी, अर्थात डिजिटल कमांड कंट्रोल. या पद्धतीत रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट असतात, फक्त त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते. पालटण्याचा वेगच अक्षरं लिहितो. एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद आणि उलट दिशेला तितकेच, म्हणजे १. दोन्हीकडे १०० किंवा जास्त, म्हणजे ०. इंजिनात बसवलेला नखाएवढा डीकोडर हे वाचतो. वर्गात हजेरी घेताना सगळ्यांना सगळे नंबर ऐकू येतात, पण ‘हजर’ ज्याचा तोच म्हणतो, तसंच इथे. नव्या डीकोडरचा नंबर बहुधा ३ असतो, तो नंतर बदलता येतो. हुकूम आपल्यासाठी असला की डीकोडर मोटरला झटपट चालू-बंद करत हवा तेवढा वेग देतो.

डीकोडर रूळ आणि मोटर यांच्या मध्ये बसतो. मोटरच्या दोन्ही ब्रशना वीज फक्त त्याच्याकडूनच मिळायला हवी. ट्राय-अँगच्या एक्स-०४ मोटरमध्ये मात्र एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, आणि सांगाडा चाकांमधून एका रुळाला. जुन्या जमान्यात ती एक वायर वाचवण्याची हुशारी होती. आता तीच घात करते, कारण डीकोडरची बाहेर जाणारी तार सरळ रुळाला भिडते. माझा पहिला डीकोडर असाच गेला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जळका वास, आणि खेळ खलास. चूक माझीच, विजेची जोडणी तपासणारा मल्टिमीटर शेजारीच पडला होता.

इलाज जवळजवळ फुकट आहे. ही मोटर उलटी धरून पाहा. केसाच्या पिनेसारखी एक स्प्रिंग दोन्ही ब्रश दाबून धरते. तिच्या एका पायावर कारखान्यातूनच इवलीशी नळी चढवलेली असते, दुसरा पाय उघडा. बारीक वायरचं सोललेलं आवरण तीन-चार मिलिमीटर कापून त्या उघड्या पायावर सरकवायचं आणि त्या ब्रशला स्वतंत्र तार डाखायची. मग मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक चाक तपासायचं. कुठेही आवाज आला नाही तरच पुढे. मग लाल-काळी तार रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरकडे. टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून पूर्वी लावलेला कपॅसिटर असेल तर तोही काढून टाकावा.

आणखी एक मोजमाप टाळू नये. चुंबक म्हातारा झाला की मोटर फिरताना स्वतः तयार करत असलेला उलटा व्होल्टेज कमी पडतो आणि ती जास्त करंट ओढते. १२ व्होल्ट देऊन क्षणभर चाक बोटाने अडवा आणि अँपिअर वाचा. जुन्या मोटरचा आकडा १ च्या वरही जातो. त्याहून जास्त झेपणाराच डीकोडर घ्या, इथे काटकसर नको.

काटकसर करायची ती रुळांतून डीकोडरना हुकूम पाठवणाऱ्या पेटीवर. २०१५ मध्ये ग्रेग बर्मन यांनी डीसीसी प्लस प्लस नावाची मोफत प्रणाली मांडली. आर्डुइनो ऊनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्यावर बसणारं, रुळांना वीज पुरवणारं मोटर शील्ड, एवढ्यावर ती चालते. आज डीसीसी-ईएक्स नावाने तिचा पुढचा अवतार आहे. मात्र शील्डवरची आर्डुइनोला वीज पोचवणारी जोडणी आधी तोडावी, नाहीतर रुळांसाठी लावलेले १५ व्होल्ट आर्डुइनोलाही सोसावे लागतात.

पहिली चाचणी थेट मुख्य रुळावर नको. प्रोग्रॅमिंगसाठी ठेवलेल्या रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर करंट मुद्दाम तुटपुंजा ठेवलेला असतो, त्यामुळे वायर चुकली तरी डीकोडर वाचण्याची शक्यता असते. तिथे इंजिन ठेवून नंबर विचारायचा. डीकोडरला बोलता येत नाही, म्हणून तो ‘हो’ म्हणायला साधारण ६ मिलिसेकंद ६० मिलिअँपिअर जास्त ओढतो, बहुधा मोटरमधूनच. इंजिन जागच्या जागी उचकी दिल्यासारखं हलतं, पुन्हा हलतं, आणि स्क्रीनवर ३ उमटतो.