बिसिंबी

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील काँगो लोकांच्या पारंपरिक धर्मात पाण्याशी व भूमीशी निगडित असलेले आत्मे. एका आत्म्याला ‘सिंबी’ म्हणतात. काँगो लोकांची वस्ती आज मुख्यतः अंगोला, काँगो लोकशाही प्रजासत्ताक व काँगो प्रजासत्ताक या देशांत आहे.

सृष्टीचा कर्ता न्झांबी म्पुंगू हा असला, तरी रोजच्या सुखदुःखात माणसे पूर्वजांकडे आणि बिसिंबींकडेच वळत. जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांच्यामध्ये कालुंगा ही पाण्याची सीमा आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे झरे, डोह, नद्या आणि समुद्र ही दोन जगांच्या भेटीची ठिकाणे मानली जात. बिसिंबींचा वास अशा जागी, तसेच विलक्षण आकाराच्या खडकांत आणि रानात असतो. त्यांना सरसकट ‘देव’ म्हणणे योग्य नाही. ते त्या त्या जागेचे धनी आहेत. पाऊस, पीक आणि संतती त्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. जुळी मुले त्यांच्याकडूनच येतात असे मानत, म्हणून जुळ्यांच्या जन्मानंतर खास विधी होत.

अटलांटिक किनाऱ्यावरील न्गोयो राज्यात, म्हणजे आजच्या काबिंडा परिसरात, बुन्झी हा पावसाचा थोर आत्मा होता. त्याच्या पूजास्थानाचा मान शेजारच्या राज्यांतही होता. काही परंपरांत बुन्झी स्त्रीरूपात येते.

१४९१ मध्ये काँगो राज्याचा राजा न्झिंगा अ न्कुवू याने ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. पुढे मिशनऱ्यांनी पूजावस्तू जाळल्या, पण झरे आणि डोह जागच्या जागीच होते, आणि बिसिंबींवरील श्रद्धाही टिकली.

या श्रद्धेचा सर्वांत हेलावणारा भाग समुद्रापलीकडे घडला. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांपैकी सुमारे ४५ टक्के पश्चिम-मध्य आफ्रिकेतून नेले गेले. परक्या मुलखातही त्यांना झऱ्यांत सिंबी भेटले. शेतीतज्ज्ञ एडमंड रफिन याने १८४३ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाची पाहणी केली, तेव्हा तेथील चुनखडीच्या झऱ्यांत ‘सिंबी’ राहतात हा गुलामांचा विश्वास त्याने नोंदवला. झऱ्याभोवती बांधकाम केल्यास सिंबी रागावेल, या भीतीने एका वृद्ध गुलामाने मालकाला विरोध केल्याचेही तो सांगतो. गुलामाने मालकाला अडवावे, एवढे त्या झऱ्याचे मोल होते.

हैतीच्या व्होडू धर्मात सिंबी हे आत्म्यांचे एक कुळच आहे. त्यातील सिंबी आंदेझो हा गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांचा स्वामी मानला जातो.