शहरी पाणीपुरवठ्यातलं प्रेशर मॅनेजमेंट आणि एनर्जी रिकव्हरी (नागपूरच्या संदर्भात)

पाइपलाइनच्या जाळ्यात प्रत्येक ठिकाणी आणि दिवसाच्या प्रत्येक वेळी गरजेपुरतंच प्रेशर राहील असं बघणं म्हणजे प्रेशर मॅनेजमेंट. आणि जिथे प्रेशर जास्तच आहे, ते कमी करणं भागच आहे, तिथे ते व्हॉल्व्हमध्ये जिरवून टाकण्याऐवजी छोटं टर्बाइन लावून त्याची वीज करणं म्हणजे एनर्जी रिकव्हरी. दोन्ही विषय जोडीनंच येतात, पण नागपूरसारख्या शहरात आधी पहिलं आणि मग दुसरं हा क्रम पाळायलाच पाहिजे.

पाणीवाले लोक प्रेशर मीटरमध्ये मोजतात, म्हणजे त्या प्रेशरनं पाणी किती उंच चढेल ते. साधारण 10 मीटर म्हणजे 1 बार. केंद्राच्या सीपीएचईईओ (पाणीपुरवठ्याचे तांत्रिक निकष ठरवणारी केंद्रीय संस्था) मॅन्युअलमध्ये वर्षानुवर्षं हिशेब असा होता की एकमजली घराला नळाच्या जोडणीपाशी 7 मीटर, दुमजलीला 12, तीन मजल्यांना 17, आणि 22 च्या वर शक्यतो जाऊच नये, त्याच्यापेक्षा उंच बिल्डिंगनं स्वतःचा पंप लावावा.

नागपूरचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून (तोतलाडोह आणि त्याच्याखालचं नवेगाव खैरी) आणि कन्हान नदीतून येतं, त्यातलं पेंचचं पाणी महादुल्याच्या पंपिंग स्टेशनवरून गोरेवाड्याला शुद्धीकरणासाठी येतं. शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे, नाग नदी आणि पिली नदी त्याच उतारानं वाहत जाऊन शेवटी कन्हानला मिळतात. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी सोडली तर शहर तसं सपाटच. म्हणजे डोंगराळ गावात कसं पाणी फुकटात खाली उतरतं आणि प्रेशर आपोआप तयार होतं, तसं आपल्याकडे फारसं नाही, आपल्याकडचं बहुतेक प्रेशर पंपानं म्हणजे वीजबिल भरून विकत घेतलेलं असतं.

याचा हिशेब सोपा आहे. 1 एमएलडी म्हणजे रोज 10 लाख लिटर पाणी 10 मीटर जास्त चढवायला, पंप आणि मोटर मिळून 70 टक्के कार्यक्षमता धरली तर, रोज साधारण 39 युनिट लागतात. एखाद्या झोनला 10 एमएलडी जात असेल आणि तिथे 10 मीटर उगाच जास्त असेल तर रोजचे जवळपास 390 युनिट गेले, आणि वर गळती वाढली ती वेगळी.

गळतीचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. लोखंडी पाइपला गोल छिद्र असेल तर प्रेशर अर्धं केल्यावर गळती साधारण 30 टक्के कमी होते, पण पीव्हीसी किंवा एचडीपीईच्या म्हणजे प्लास्टिकच्या पाइपला लांब फट पडली असेल तर प्रेशर वाढलं की ती फटच रुंदावते, त्यामुळे तिथे प्रेशर अर्धं केलं तर गळती 65 टक्क्यांपर्यंत उतरू शकते. रात्री 2 ते 4 मध्ये वापर कमी, पाइपमधलं घर्षण कमी, म्हणून प्रेशर सगळ्यात जास्त, आणि गळतीही तेव्हाच सगळ्यात जास्त. म्हणून वस्तीचे छोटे भाग पाडतात (डीएमए म्हणतात त्याला), प्रत्येकाच्या तोंडाशी प्रवाह मोजणारं मीटर लावतात, रात्रीचा किमान प्रवाह बघतात आणि प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह म्हणजे पीआरव्ही लावून रात्रीचं प्रेशर आपोआप उतरवतात. नागपुरात एक भान ठेवावं लागतं, घराघरात गच्चीवर टाक्या आहेत आणि त्या रात्रीही भरत राहतात, त्यामुळे रात्रीचा सगळाच प्रवाह गळती धरून चालत नाही. उन्हाळ्यात तर कूलर भरायची वेळ झाली की सगळ्या मोहल्ल्याची मागणी एकदम उसळते, आणि हिवाळ्यात केलेलं पीआरव्हीचं सेटिंग मे महिन्यात चालेलच असं नाही.

कमी प्रेशर त्याहून वाईट. नळ येऊन जातात तेव्हा रिकाम्या पाइपमध्ये हवा शिरते, त्यात घरोघरी टिल्लू पंप (छोटा घरगुती मोटरपंप) लावून लाइनमधून पाणी ओढलं की पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब होतो आणि जिथे लीकेज आहे तिथून नालीचं घाण पाणी आत ओढलं जातं. टिल्लू लावणाऱ्याला पाणी मिळतं, शेवटच्या घराला मिळत नाही, म्हणून तोही टिल्लू घेतो. चोवीस तास पाण्याचा आग्रह यासाठीच, लाइन सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली की बाहेरची घाण आत शिरायला वाव राहत नाही. नागपुरात धरमपेठ झोनमध्ये याचा पायलट झाला आणि 2012 पासून 25 वर्षांच्या करारानं अख्ख्या शहराचं काम ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे. पण धरणातच पाणी नसेल तर हेही अडतं, 2019 च्या जुलैत एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे वॉटर हॅमर. स्टीलच्या पाइपमध्ये सेकंदाला 1 मीटर वेगानं चाललेलं पाणी झटक्यात थांबवलं तर जवळपास 100 मीटरचा जास्तीचा दाब उसळतो, रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीनं 1890 च्या दशकात मॉस्कोच्या पाइपलाइनवर हे दाखवलं. म्हणून चाबीवाल्यानं व्हॉल्व्ह हळूहळूच फिरवायचा असतो. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) लावला तर सुरू-बंद मऊ होतं, आणि लांब लाइनमध्ये जिथे घर्षणच जास्त तिथे वीजही बरीच वाचते. सरळ उंच जलकुंभात पाणी चढवायचं असेल तर वीज तेवढी वाचत नाही.

आता टर्बाइन. स्वस्त उपाय म्हणजे साधा सेंट्रिफ्यूगल पंपच उलटा चालवायचा, त्याला पंप ॲज टर्बाइन म्हणतात. 10 एमएलडी प्रवाह, 20 मीटरचा ड्रॉप आणि 60 टक्के कार्यक्षमता धरली तर साधारण 13 ते 14 किलोवॅट मिळतात, दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास युनिट. अमेरिकेत पोर्टलंडला 2015 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या लाइनमध्येच बसवलेल्या एकूण 200 किलोवॅटच्या टर्बाइन सुरू झाल्या, पण तिथलं पाणी डोंगराकडून उतारानं येतं. नागपुरात आपणच पंपानं चढवलेलं प्रेशर टर्बाइनमध्ये उतरवलं तर दोन्हीकडे नुकसान होऊन निम्मंही हाती लागत नाही, तिथे पंपाचं हेड (म्हणजे तो पाणी किती उंच चढवतो ते) कमी करणं हाच खरा उपाय. जागा शोधायच्याच तर पश्चिमेच्या उंच टाक्यांपासून पूर्वेकडे लकडगंज, सतरंजीपुऱ्याच्या बाजूला उतरणाऱ्या मोठ्या फीडर लाइनवर, जलकुंभाच्या इनलेटपाशी शोधाव्या, कारण तिथे प्रवाह घरगुती लाइनइतका वरखाली होत नाही आणि उलट्या पंपाला स्थिर प्रवाहच मानवतो. त्याआधी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धरून प्रेशर लॉगरचं (प्रेशरची सतत नोंद ठेवणाऱ्या यंत्राचं) रेकॉर्ड हवं. बाजूला पीआरव्हीची बायपास लाइनही लागतेच, कारण ग्रिडची वीज गेली की लोड सुटून टर्बाइनचा स्पीड एकदम वाढतो, प्रवाह बदलतो आणि वर सांगितलेला वॉटर हॅमर जुन्या कास्ट आयर्नच्या लाइनवर येऊन आदळतो.